भिंतीवरचं अर्धं अभिनंदन

दोन हजार पंधरा साल. मला एकोणसत्तरावं लागलं होतं आणि शिडीवर चढायला घरच्यांनी बंदी केली होती. मी चढत होतोच.

मी पेंटर. शाळा तिसरीपर्यंत. निलंग्याकडच्या गावातून लातूरला आलो आणि दुकानांच्या पाट्या रंगवत राहिलो. भूकंपानंतर किल्लारीकडं पत्र्याच्या शेडांवर नंबर टाकले, त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. गावात भिंत कोरी म्हणून राहिली नाही, अन् त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या. मग फ्लेक्स निघाला. फ्लेक्स म्हणजे काही रंगकाम नव्हे, ते कपडे वाळत घालणं आहे. माझ्या जोडीनं ब्रश धरलेला माझा जुना दोस्त, त्यानंही फ्लेक्सचं दुकान टाकलं. मी टाकलं नाही.

माझी सून नांदेडची, कॉम्प्युटरचं शिकलेली. लग्नानंतर दोन वर्षं घरी राहिली, म्हणून पुण्याच्या कंपन्या तिला उभं करीनात. "मधल्या काळात काय केलं?" एवढंच विचारायचे आणि वाटेला लावायचे. ती मात्र रोज लॅपटॉपपुढं बसून काहीतरी करत असायची. एका संध्याकाळी खुर्चीवरून ताडकन उठली.

"मामा, सापडलं! भोक सापडलं!"

"कुठं? गच्चीला?"

मग तिनं मला समजावलं. जगात काही लोक कॉम्प्युटरचे तयार तुकडे करून ठेवतात. त्याला लायब्ररी म्हणतात. माझ्या स्टेन्सिलच्या पेटीसारखंच ते, फक्त कुणीही उचलावी, फुकट वापरावी अशी पेटी. त्यातल्या एका स्टेन्सिलात चूक असली की ज्यानं ज्यानं ती वापरली, त्याच्या त्याच्या भिंतीवर तीच चूक.

"आता बघा मामा, दहा अक्षरांची पाटी हाय. गिऱ्हाईक वीस अक्षरांचं नाव घेऊन आलं अन् तुम्ही न मोजता लिहीत सुटला. पुढची अक्षरं कुठं जातील?"

"शेजाऱ्याच्या भिंतीवर."

"आन् तिथं 'घराची किल्ली उंबऱ्याखाली' असं लबाडानं मुद्दाम लिहून घेतलं तर? कॉम्प्युटर भिंतीवरचं सगळं खरं मानतो."

मी म्हणालो, मग पाटी मोठी करा. ती म्हणाली, लबाड त्याहून लांब मजकूर आणील. आधी मोजायचं, बसत नसेल तर घ्यायचंच नाही. मी म्हणालो, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं हा काय धंदा झाला? यावर आम्ही जेवण होईपर्यंत भांडलो. तिचंच बरोबर होतं, पण मी तसं म्हणालो नाही.

तिनं दुरुस्ती लिहून त्या पेटीच्या राखणदाराला पाठवली. तो कुठल्यातरी परदेशात. त्याचं उत्तर आलं: काम उत्तम, नवी पेटी येईल तेव्हा तुमचं नाव लागेल, तोवर अवाक्षर काढू नका. बातमी आधी फुटली तर दुरुस्ती पोचायच्या आत चोर घुसतील. आणि मग तो गडी आपल्या सुनेच्या हातचं पुन्हा काही घेईल होय? कंपन्यांना दाखवायला तिच्याजवळ हे एवढंच होतं.

"मामा, कुणाला सांगायचं न्हाई."

"माझ्या तोंडाला कुलूप."

कुलूप लावलं खरं, पण आत बातमी उड्या मारत होती. त्यात निकालाचे दिवस. आमच्या गल्लीत डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे फ्लेक्स या खांबापासून त्या खांबापर्यंत. दोस्त चहाच्या टपरीवर म्हणतो कसा, "क्यों उस्ताद, सबके घर में कुछ ना कुछ हुआ. तुमची भिंतच तेवढी उघडी."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला चुना मारला आणि शिडी लावली. लाल अक्षर, पिवळी सावली, पुरुषभर उंच: हार्दिक अभिनंदन! खाली कोरं ठेवलं. काय झालं ते सांगायचं नाही, एवढंच ठरलं होतं. अभिनंदन करायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं.

गल्ली वेडी झाली. शाळेची पोरं थांबून कोऱ्या जागेकडं बघायची. बायांनी आपला अर्थ लावला. एक कैऱ्या घेऊन आली, दुसरी चिंचेचा गोळा. सुनेला नळावर कुणी बादली उचलू देईना. ती घरात आली ती तणतणत.

"मामा! भिंतीवर काय लिहून ठेवलंय?"

"अभिनंदन."

"कुणाचं?"

"ते कुठं लिहिलंय?"

चिडायचं म्हणून तिनं कंबरेवर हात ठेवले, पण हसू आलं आणि खालीच बसली. "पुसा आधी."

"न्हाई."

तेवढ्यात राखणदाराचा निरोप आला की तसलंच भोक शेजारच्या तुकड्यातही दिसतंय, तेही बुजवता का? म्हणजे तारीख पुढं. ती पुन्हा लॅपटॉपला चिकटली: "काम करून राहिले मामा, कुणाला आत सोडू नका." मी दारात खुर्ची टाकून बसलो. कैरीवाल्या बाया दारातूनच परत.

टपरीवर तर माझी परीक्षाच. दोस्तानं पैज लावली होती, "नातूच होणार." मी म्हणालो, "त्याच्याहून मोठं!" तो म्हणाला, "जुळे?" मी "अरे, जगातल्या—" म्हणालो आणि सुनेचा चेहरा डोळ्यापुढं आला. अख्खा कप एका घोटात प्यालो. जीभ पोळली, पण बातमी वाचली.

शेवटी एका दुपारी आतून हाक आली. "मामा, या!" नवी पेटी निघाली होती. स्क्रीनवर इंग्रजी ओळी. तिनं बोट ठेवलं तिथं तिचं नाव. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण जन्मभर चित्रासारखी काढलेली अक्षरं मी ओळखतो. तिचं पूर्ण नाव होतं, कुठं काही कमी नाही.

"आता सांगू?"

"सांगा हो मामा, सांगा!"

मी अनवाणी पळालो. दोस्ताच्या दुकानात जाऊन एका दमात सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. "म्हणजे नातू न्हाई?"

"न्हाई!"

"बरं, पैसे किती मिळाले?"

"एक न्हाई. फुकट!"

"फुकट?" तो एवढ्यानं ओरडला की फ्लेक्स घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. "अन् तू अभिनंदन लिहितो?"

"हाव!"

तो हसायला लागला, मग मीही. नंतर त्यानंच माझी शिडी धरली आणि अंधार पडायच्या आत मी सुनेचं नाव भिंतीवर चढवलं. आधी मोजून, मग लिहून. ते बघून ती दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्याच संध्याकाळी तिनं पुण्याच्या दोन कंपन्यांना स्क्रीनवरची ती नावाची ओळ पाठवली.

"नांदेडला फोन करू नको," मी तिला बजावलं. "व्याह्यांना मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी नांदेडची पहिली एस.टी. धरली आणि बसल्या बसल्या कंडक्टरला सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. तो म्हणाला, "काका, ते समदं खरं. पर तिकीट कुठलं देऊ?"