खुंटीवरचं युकुलेले

युकुलेलेच्या बाईंना ऐकू येत नाही हे दोघींनाच ठाऊक होतं, बाईंना आणि त्यांच्या लेकीला. ते तिसऱ्याला कळू नये म्हणून बाईंनी जिवाचं रान केलं होतं. लेक कानाच्या यंत्रासाठी मागे लागली की त्या म्हणत, "कानात यंत्र घातलेल्या बाईकडे पोरं पाठवायला आईबाप काय बहिरे आहेत?"

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरे. सहा-सात वर्षांची पोरं, बुटके बाक, प्रत्येकाच्या मांडीवर छोट्या गिटारसारखं चार तारांचं ते वाद्य आणि वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा लावलेला ट्यूनर. ट्यूनर हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर मोजतो. त्यावर सुराचं इंग्रजी अक्षर उमटतं. सूर चढला तर दिवा नारंगी, उतरला तर लाल, नेमका लागला तर हिरवा. बाईंचा कान आता असा रंगीत झाला होता. घरी, दार लावून, त्या जबडा लाकडाला टेकवून वाजवत. मग हाडातून थोडंफार आत पोचे.

दाराजवळच्या खुंटीवर एक जादा युकुलेले ट्यूनरसकट टांगलेलं असे, स्वतःचं घरी विसरणाऱ्यासाठी. एकदा पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी आपलं विसरून आली आणि रिकाम्या हातांनी बसून राहिली.

"अगं, ते घे की."

"ते घेतलेलं आहे, बाई."

पोरांच्या बोलण्यात रोज असलं काहीतरी असतं. बाईंनी फार मनावर घेतलं नाही.

मग वाचनालयाचा व्यवस्थापक वर्ग बघायला आला. पालकांची तक्रार होती, बाई प्रश्नाला भलतंच उत्तर देतात. खोलीवर चित्रकलेवाल्यांचा डोळा होताच. आज काही वेडंवाकडं झालं असतं तर बाईंचा वर्ग त्यांच्या घशात गेला असता. व्यवस्थापक बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला. बाईंनी त्याला मुद्दाम उजेडात बसवलं होतं, ओठ दिसावेत म्हणून.

त्या दिवशी एफ हा सूर शिकवायचा होता. नवखी पोरं तार गळा आवळल्यासारखी दाबतात आणि सूर चढतो. बाई नारंगी दिवे हेरत बाकांमधून फिरत होत्या. "एवढं दाबू नको, बाळ. तार काही पळून जात नाही." दिवे एकेक करून हिरवे झाले.

"झोपवा!"

सगळ्यांनी तळवे तारांवर ठेवले. शांतता झाली हे बाईंना तळव्यांवरून कळे. पण व्यवस्थापक खुंटीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. पोरंही तिकडेच बघत होती. मात्र उशिरा आलेल्या सोबत्याकडे बघावं तशी.

खुंटीवरच्या ट्यूनरचा दिवा लागला होता. अक्षर होतं एफ.

शेजारच्या सुराने तारा आपोआप गुणगुणतात, हे बाईंनीच वर्गात सांगितलं होतं. पण गुणगुणणारी तार आपलाच सूर काढते, आणि मोकळ्या चार तारांत एफ नाही. एफसाठी तारेवर बोट लागतं.

'आवाज येतोय का?' एवढंच विचारायचं होतं. पण ते विचारणं म्हणजे चित्रकलेवाल्यांच्या हातात किल्ली देणं.

"बाई," व्यवस्थापकाचे ओठ हलले, "हे... मुद्दाम आहे का?"

"मुद्दाम," बाई म्हणाल्या. आपण कशाला हो म्हणतोय याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

"कसं करता?"

"सरावाने."

तो उठला. "वर्ग चालू ठेवा," असं म्हणाला, पण बाईंकडे नव्हे, खुंटीकडे बघून. मग जिन्यापर्यंत पाठ न फिरवता गेला.

वर्ग वाचला होता. आता ते वाद्य कपाटात कोंडून कुलूप लावलं की झालं, असा विचार करत बाई खुंटीपाशी गेल्या. दात पडलेली मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर ओठांवर नीट ठेवून म्हणाली, "बाई, त्याला काढू नका. तो नवीन आहे. त्याला जमत नाहीये."

तिचं बोलणं इतकं स्वच्छ दिसत होतं की बाईंना पहिल्यांदाच जाणवलं, या वर्गातली सगळीच पोरं आपल्याशी अशी बोलतात. तोंड वर करून, सावकाश. कधीपासून, कोण जाणे.

म्हणजे यांच्यापासून लपवायला काही उरलंच नव्हतं. बाई वाकल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी जबडा त्या लाकडाला टेकवला. लाकूड गार होतं. आतून सूर आला, बारीक, ताणलेला, जरासा चढा. दिवा नारंगी होता. कित्येक महिन्यांत बाईंना इतकं साफ काही ऐकू आलं नव्हतं.

चुकीचा सूर समोर असताना स्वस्थ बसण्याची सवय त्यांना कधीच नव्हती.

"एवढं दाबू नको, बाळ," त्या म्हणाल्या. "तार काही पळून जात नाही."

दिवा हिरवा झाला. मागे पोरांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. वळून बघितलं तेव्हा हात तरी तसे दिसत होते.