गारांत आईला मीच बाहेर पाठवलं

मित्रांनो, आज भोकरदनजवळच्या आमच्या गावात गारपीट झाली.

दुपारपर्यंत अंग भाजणारं ऊन होतं. चारच्या सुमाराला वारा सुटला आणि लिंबाएवढ्या गारा पत्र्यावर आदळू लागल्या. समोरच्या मोसंबीची फळं फांद्यांसकट तुटून पडत होती. बाभळीवरचे बगळे मरून खाली आले.

गारा थांबाव्यात म्हणून आमच्याकडे घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने अंगणात तवा पालथा टाकायचा असतो. मी देवापुढे हात जोडून बसलो होतो. सवयीने बोलून गेलो, "आई, तवा टाक ना."

सत्तरीची आई तवा घेऊन निघाली. दोन पावलं गेली नाही तोच गार डोक्यात बसली आणि ती कोसळली. मी डोक्यावर घमेलं धरून धावलो, तिला ओढत आत आणलं. सगळा पदर रक्ताने भिजला होता.

दवाखान्यात सहा टाके पडले. बायको माझ्यावर चिडली, "तुम्हाला जाता येत नव्हतं का?"

आईच मधे बोलली, "त्याला कामून बोलून राह्यली? बाईचंच काम हाय ते. तवा पालथा पडला ना रे बराबर?"

मी हो म्हणालो. खरं तर मी पाहिलंच नव्हतं.

देवावरचा माझा विश्वास तसाच आहे. पण हात जोडणारा मी छपराखाली होतो आणि ती उघड्यावर. तिच्याऐवजी मी तवा नेला असता, तर देव रागावला असता का? तुम्हीच सांगा.