भाऊजींच्या गोळीला ताईची सोबत

जुईनगरच्या भाजी मार्केटात माझी थोरली बहीण खाली बसली, ती उठलीच नाही. हृदयविकार. फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते... हात तसेच पिठाचे घेऊन धावले. आणि तेराव्याला तिच्याच सोसायटीतल्या बायका कुजबुजल्या, “शेवटी त्या रोगानंच गेली.” अगं बायांनो, नाही गेली! त्या रोगाला तर तिनं जवळसुद्धा फिरकू दिलं नव्हतं.

भाऊजी तळोज्याला कंपनीत. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना एचआयव्ही निघाला. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं, आत्ताच्या आत्ता माहेरी ये म्हणून. ताई म्हणाली, “नवरा काय शिळा भात आहे, टाकून द्यायला?” डॉक्टरांनी सांगितलं, यांचा विषाणू आटोक्यात येईपर्यंत तुम्हीही रोज गोळी घ्या, म्हणजे लागण होणार नाही. भाऊजींचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट, ताईचं मात्र विकत. तेही सीवूड्सचा एकच केमिस्ट मागवून द्यायचा. मेडिक्लेमवाल्यांना फोन केला, तर तिकडून उत्तर, “मॅडम, तुम्हाला आजारच नाही, मग क्लेम कसला?” ताई भडकली. “म्हणजे आधी लागण करून घेऊ आणि मग येऊ का?” त्या दिवाळीला तिनं साडी घेतली नाही, पण गोळी चुकवली नाही.

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की दोघं टेबलाशी बसायची. पाण्याचे दोन पेले, प्रत्येकाची आपापली गोळी. पुढे भाऊजींचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी ताईची गोळी बंद केली. तरी ही बया रोज बसायचीच, तोंडात आवळासुपारी टाकून! मी हसले तर म्हणाली, “एकट्यानं औषध घ्यायचं म्हणजे माणूस मनानंच खचतो गं. जोडीला कुणी हवं.”

परवा संध्याकाळी गेले, तर घरात दिवा नाही. गोळी टेबलावर तशीच.

“कालचीही राहिली,” भाऊजी म्हणाले. “आता कुणासाठी घ्यायची?”

मला रागही आला आणि रडूही. तिनं एवढा जीव लावून सांभाळलेला माणूस... मी दिवा लावला. दोन पेले भरले. ताईचा स्टीलचा डबा उघडला. आवळासुपारी पार मऊ पडली होती. तशीच तोंडात टाकली आणि तिच्या खुर्चीत बसले.

“घ्या, भाऊजी. मी आहे बसलेली.”

त्यांनी एकदा डब्याकडे बघितलं. मग गोळी हातात घेतली आणि पेला उचलला.