कापसाच्या दिवसांत काढलेली धोंडी

चहा मागवा आधी. आता जो घोळ मी सांगणार आहे, तो ऐकल्यावर तुम्ही माझ्या पैशाचा चहा घ्याल, पण माझ्या शेजारी बसाल की नाही, सांगता येत नाही. बी.एस्सी. झालेल्या माणसानं पाऊस पाडला आणि वरून तो बंदही केला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? जे म्हणाल ते मनात म्हणा, एवढीच विनंती.

मी तेव्हा घाटंजीकडच्या एका गावात शाळेवर पी.टी. शिकवायचो. बायको यवतमाळला दवाखान्यात नर्स. आमचा संसार म्हणजे आठवडी बाजार. शनिवारी संध्याकाळी मांडायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीआधी गुंडाळायचा. यवतमाळला बदली मिळावी म्हणून मी साहेबांच्या दारापासून देवाच्या दारापर्यंत सगळीकडे जाऊन आलो होतो. दोघांकडूनही एकच उत्तर, बघू.

त्यात वरून आदेश आला. हवामान बदल आणि पर्यावरण हे वेगळं शिकवायचं नाही, प्रत्येक विषयात मिसळून शिकवायचं. पाहायला शिक्षण खात्याच्या मॅडम येणार होत्या. ज्याचा पाठ मॅडमला आवडला त्याचं काम झालं, अशी शाळेत हवा होती. मी कान टवकारले.

बाकीच्यांचं सोपं होतं हो. इतिहासाच्या सरांनी दोन दिवसांत सगळ्या लढाया दुष्काळामुळे हरवून दाखवल्या. गणिताच्या मॅडमनी नफा-तोटा सोडला आणि पोरांना झाडं वजा करायला लावली. मराठीच्या सरांनी तर सबंध वर्गाकडून ढगाचं आत्मवृत्त लिहून घेतलं. मी काय करू? लांब उडीत हवामान बदल कुठून आणू? कबड्डीत कार्बन कुणाला पकडायला लावू?

आणि मला धोंडी सुचली.

पाऊस लांबला की आमच्याकडे पोरं अंगाला कडुनिंबाचा पाला बांधतात, मुसळाला बेडूक टांगतात आणि गाणं म्हणत घरोघर पाणी मागत फिरतात. बाया त्यांच्या अंगावर घागरी ओततात. तुम्हीच बघा, यात काय नाही? ओझं उचलणं आहे, ताल आहे, एकजूट आहे, म्हणजे झालं पी.टी. पाऊस, पाला, बेडूक, म्हणजे झालं पर्यावरण! मी स्वतःच्या अकलेवर इतका खूश झालो की त्या रात्री मला झोप आली नाही.

फक्त एक गोष्ट डोक्यात आली नाही. महिना नोव्हेंबरचा होता.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कापूस. शेतात बोंडं फुटलेली. वेचून आणलेला कापूस घरात, ओसरीत, अंगणात. वाईट वर्ष होतं ते. अर्धं पीक बोंडअळीनं खाल्लं, उरलेल्याला भाव नाही. आज ना उद्या भाव चढेल म्हणून कुणी विकत नव्हतं. खाट ठेवायला जागा नाही म्हणून लोक कापसावरच झोपत होते. गावाचं होतं नव्हतं ते त्या पांढऱ्या ढिगांत होतं, आणि मी त्या ढिगांमधून पाऊस मागत निघालो.

मॅडम दुपारनंतर येणार, म्हणून सकाळी रंगीत तालीम ठेवली. थंडीत बेडूक सापडेना. मग मी माझा हिरवा मोजा काढला, त्यात कापूस ठासला, दोन बटणांचे डोळे लावले आणि तो मुसळाला टांगला. पोरं तयार होईनात, तेव्हा पाला स्वतःच्या कमरेला बांधला. मिरवणूक निघाली. बाया दारात येऊन नुसत्या बघत राहिल्या. एका आजींनी तर माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण मास्तर मागतोय म्हटल्यावर पाणी ओतलं बिचाऱ्यांनी.

शेवटचं घर हमीदभाऊंचं. हमीदभाऊ म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. रस्त्यावर इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज आणि मागे कापसाचं शेत. हातात पाना घेऊन ते बाहेर आले. एकदा मोज्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पाल्याकडे.

"मास्तर, हे काहून करून राह्यले आता?"

"भाऊ, शैक्षणिक आहे."

"शैक्षणिक आहे हे वरच्याले सांगतलं का?"

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. धोंडीनं पाऊस पडत नसतो, समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार व्हावा लागतो, बाष्प लागतं, वारं लागतं, असं सगळं हातवारे करून समजावलं. मी बाष्पावर होतो, तेवढ्यात मोज्यावर पहिला थेंब पडला.

मग काय विचारता! सगळं गाव धावलं. ताडपत्र्या, सतरंज्या, लुगडी, मॅडमच्या स्वागताचा कापडी फलक, जे सापडेल ते कापसावर पडलं. एक सर येऊन गेली. ढीग बहुतेक वाचले, पण आभाळ काळंच. शेतातली फुटलेली बोंडं उघडीच होती, अजून दोन सरी आल्या असत्या तर सगळी काळी पडली असती. लोक शाळेत आले. माझ्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. मला खरंच भीती वाटली, आणि लाजही.

मी नकाशा काढून बंगालचा उपसागर दाखवला. त्यावर एक जण शांतपणे म्हणाला, "बंगालचा उपसागर बंगालात आहे. धोंडी तुमी काढली."

हमीदभाऊ पुढे आले. त्यांनी पान्यानं डोकं खाजवलं.

"माहं या धोंडीतलं काही चालत नाही, मी मिस्त्री मानूस. पन मास्तर, मशीन चालू कराची माहीत आहे, तं बंद कराचीबी माहीत पाह्यजे. उलटी फिरवा."

सगळ्या गावाला हे एकदम पटलं. आमचे मुख्याध्यापक राऊत सर मदतीला येतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्याही अंगणात कापूस होता. ते म्हणाले, "फिरवून पाहा ना सर, तोटा काय आहे?"

तर उलटी धोंडी. म्हणजे शेवटच्या घरापासून पहिल्या घराकडे जायचं, आणि तेही पाठमोरं चालत. मोजा आधी डोकं खाली टांगला होता, तो आता डोकं वर. गाणं शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, ते मराठीच्या सरांनी जुळवून दिलं. आणि पाणी ओतायच्या ऐवजी प्रत्येक घरची बाई टॉवेल आणून मला पुसणार! अर्ध्या गावानं मला कोरडं केलं. तशी माया माझ्या आईनंही केली नव्हती.

असाच पाठमोरा चौकात आलो आणि कशावर तरी बसलो. ते मॅडमच्या जीपचं बॉनेट होतं.

"हे काय चाललंय?" मॅडम उतरल्या.

मी तोंड उघडायच्या आत राऊत सर पुढे झाले. "मॅडम, बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचा सराव. पी.टी.मधून. लोकसहभागासह."

आणि त्याच क्षणाला, माझं नशीब बघा, ऊन पडलं. गावानं टाळ्या वाजवल्या. मॅडमना वाटलं टाळ्या पाठाला आहेत. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी विचारलं, सर, तुमची काही अडचण आहे का? मी पाला सावरत म्हणालो, यवतमाळ.

बाई शब्दाच्या पक्क्या. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा बदलीचा आदेश आला होता. पाऊस आला नव्हता.

राऊत सर म्हणाले, तुम्हाला सोडायला माझी ना नाही, पण पेरण्या अडकल्यात, पाऊस आल्याशिवाय तुम्हाला कार्यमुक्त केलं तर गाव मला जगू देणार नाही. मी संतापलो. मान्सून कसा येतो, का लांबतो, माणसाच्या पाल्याशी त्याचा काडीचा संबंध कसा नाही, हे मी त्यांना पूर्ण तासभर शिकवलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला पाठ असेल. सरांनी तो मन लावून ऐकला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पाऊस आला की सोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं असेल? कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही. मी आपणहून उठलो, कमरेला पाला बांधला, या वेळी खरा बेडूक धरला आणि एकटाच दारोदार निघालो. बायकोसाठी माणूस काय काय करतो!

तिसऱ्या घराशी आभाळ फाटलं. असा पाऊस की समोरचं दार दिसेना. मी तसाच नाचत, चिखल उडवत शाळेत गेलो. व्हरांड्यात राऊत सर आणि हमीदभाऊ चहा घेत बसले होते.

"आला," मी म्हणालो. "आता सोडा."

हमीदभाऊंनी मायेनं आपला कप माझ्या हातात दिला. "मास्तर, चालूबी करते, बंदबी करते. असा मिस्त्री कोनी सोडते का?"

हा निव्वळ योगायोग आहे, मी विज्ञानाचा पदवीधर आहे, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. पण बेडूक अजून माझ्या काखेतच होता.