तीन पक्ष, एक बाक

निवडणुकीचा निकाल आठ दिवस सगळ्यांच्या तोंडी असतो, मग सगळे तो विसरतात. मतदान केंद्रातल्या बाकावर जे घडतं, ते मात्र माझ्या वहीत साठत जातं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद... चार वह्या भरल्या! सोनगीरजवळच्या आमच्या गावी शाळेच्या खोलीत आम्ही तीन पोलिंग एजंट एकाच बाकावर बसतो. जुन्या पक्षाचे नाना, नव्या पक्षाचा सुपडू आणि मी. माझा पक्ष इतका लहान, की त्याला एजंट मिळाला हीच गावात बातमी!

*

मतदानाआधी यंत्र तपासायला एजंटांकडून पन्नास खोटी मतं टाकून घेतात. नानांनी आपल्या चिन्हाला एक मत दिलं आणि हात मागे घेतला.

"खोट्या मतात आपलं चिन्ह जास्त दाबू नये. अपशकुन!"

सुपडूला पटलं. मलाही पटलं. प्रत्येक उमेदवाराला एकेक देऊन उरलेली सगळी आम्ही एका अपक्षाला दिली. खऱ्या मतदानात त्याला आमच्या केंद्रात पडली दोन. निकालानंतर भेटला तेव्हा म्हणाला, "भाऊ, सकाळचीच धरता येत नाहीत का?"

*

दुपारचा डबा ज्याचा त्याचा पक्ष पाठवतो. जिंकणाऱ्यांना फुरसत नसते, म्हणून त्यांचा डबा तीनला येतो, तोही गार. हरणाऱ्यांकडे माणसं रिकामी असतात.

एकदा सुपडूचा डबा बरोब्बर साडेबाराला आला. गरम शेवभाजी, कांदा, लिंबू, वर ताकाची बाटली! सुपडूने झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

"नाना, पडलो आम्ही!"

पडलेच.

*

नानांचं धाकट्या भावाशी बांधावरून बोलणं बंद. भाऊ मतदानाला आला. सुपडूने मुद्दाम विचारलं, "नाना, हाऊ कोन शे?"

"वळखत नही!"

केंद्राध्यक्ष बाहेरगावचे, नियमाचे पक्के. म्हणाले, "मतदाराच्या ओळखीवर हरकत घ्यायची तर दोन रुपये भरा." नानांनी खरंच नाणं काढून टेबलावर ठेवलं.

भाऊ हसला. "चला, आज मन्हाकरता खिसामा हात गया तुन्हा!"

*

मग नानांचा पक्ष फुटला. दोन्ही गटांचे पुढारी एकाच दिवशी, एकामागून एक घरी आले. दोघांच्या हातात तोच झेंडा! "नाना, तुम्ही कुणाकडे?"

नाना म्हणाले, "मी पक्षातच आहे. पक्ष कुठे गेला ते तुम्ही शोधा."

दोघेही उठून गेले आणि कुणीच एजंटाचा फॉर्म दिला नाही. फॉर्म नाही तर बाक नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा! कोण वारलं, कोण सासरी गेली, कोण सुरतला कामाला आहे, ही सगळी यादी नानांनी पेन्सिलीने तयार ठेवलेली. नानांच्या पत्नी कमलअक्का सुपडूच्या घरी येऊन सांगून गेल्या, "तीन दिवस झाले, भाकरी नुसती मोडून ठेवतात."

*

मतदानाच्या आदल्या दिवशी सुपडू मला घेऊन नानांकडे गेला. त्याने फॉर्म पुढे केला. उमेदवार सुपडूच्या पक्षाचा, सही त्याची आणि एजंट म्हणून नाव नानांचं!

"माझे गुडघे दुखतात. दिवसभर बसवत नाही. तुम्ही बसा."

नाना म्हणाले, "मत मी तुझ्या पक्षाला देणार नाही."

"मत कोणी मागितलं? बसा म्हणतोय!"

नाना बसले. सकाळी सहापासून, इस्त्रीचं धोतर नेसून. दुपारी एक तरणा गडी चिठ्ठी घेऊन आत आला. नाव पुकारताच नानांची पेन्सिल थांबली.

"साहेब, हरकत! या नावाचा माणूस सुरतला आहे. हा त्याचा चुलतभाऊ."

केंद्राध्यक्षांनी चौकशी केली, गडी अडखळला. त्याला मत देऊ दिलं नाही. अर्ध्या तासाने दुसरा आला, नानांनी तोही परत पाठवला. मग तिसरा. तिघेही सुपडूच्या पक्षाने पाठवलेले!

पक्षाचा तालुकाध्यक्ष गाडी घेऊन धावत आला. शाळेपासून लांब, पक्षाच्या चिठ्ठीवाटपाच्या टेबलाजवळ त्याने सुपडूला गाठलं. मी तेव्हा चहाला बाहेर आलो होतो.

"अरे, आपलाच एजंट आपलीच माणसं परत पाठवतो? कोणाला बसवलंस तिथं?"

सुपडूने शांतपणे गुडघे चोळले.

"साहेब, त्या माणसाला मी तीस वर्षं सोसलं. तुम्ही एक दिवस सोसा!"