पडलेल्या गव्हाला हात लावायचा नाही

सुधीर गेला त्या दिवसापासून त्याचं टेबल मी आवरलेलं नव्हतं.

आज वर्ष झालं.

चष्मा उघडाच. ग्लासातलं पाणी कधीच आटलं. तो उठताना खुर्ची तिरकी सरकली होती, ती तशीच.

भेटायला आलेले बाहेरच्या खोलीत बसले, फोटोपाशी. आत कोणी गेलं नाही.
पुण्याहून मुलगी फोन करायची, आई, आता तरी आवर ना. मी हो म्हणायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सुधीर पीकविम्याचा ब्रोकर होता. इथे शहरात, मल्हारगंजात एका दुकानाच्या वर ऑफिस. पण दिवस सगळा देपालपूरकडच्या गावांत जायचा.

कंपनी त्याला गावाचा माणूस समजायची.
गाव त्याला कंपनीचा.

डबा तो बहुतेक वेळा एकटाच खायचा. कुठल्या तरी बांधावर, मोटरसायकलच्या सावलीत.

गारा पडल्या की आमच्याकडे फोन सुरू व्हायचे. त्याचं सगळ्यांना एकच सांगणं. कळवायला उशीर करू नका, आणि पडलेल्या पिकाला हात लावू नका. सर्व्हे होईपर्यंत जसं आहे तसंच राहू द्या.

सांगायला सोपं आहे.
ज्याचा तयार गहू आडवा झाला, त्याने रोज सकाळी उठून तेच बघायचं.

त्यातल्याच एका गावच्या रामेश्वरजींना ते जमलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. वरात शेताच्या कडेने येणार. व्याह्यांच्या नजरेला ते पडू नये म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून गहू उचलला. शेत स्वच्छ केलं. बांधावर झेंडूच्या माळा लावल्या.

लग्न छान झालं.

मग सर्व्हेवाले आले. त्यांना रिकामं शेत दिसलं. पीक कापून नेलंय, असं लिहून ते निघून गेले. क्लेम नामंजूर.

सुधीरने शेजारच्या शेतांचे फोटो दिले, लग्नाचा व्हिडिओसुद्धा दाखवला. उपयोग झाला नाही. रामेश्वरजी त्याच्याशी बोलेनासे झाले. गावात म्हणत, बीमावाले साब भी वैसेइच निकले. त्याला चहा कोणी विचारेना.

सुधीरच्या शेवटच्या फाल्गुनात तिथे पुन्हा गारा पडल्या. रामेश्वरजींचा फोन आला नाही.
तो तरीही तिथे गेला.

या वेळी पडलेला गहू जागेवरच होता. रामेश्वरजी शेताकडे तोंड करून बसले होते. सुधीरने कंपनीला कळवलं, आणि सर्व्हेवाले येईपर्यंत रोज जात राहिला.

मी विचारलं, रोज जाऊन करतोस काय?

"काही नाही गं. ते एकटेच बघत बसतात त्या शेताकडे. अजून कोणी तरी बघायला पाहिजे."

सर्व्हे झाला. शेतात शिरून, वाकून, नीट झाला. सर्व्हेवाल्यांची गाडी गेल्यावर सुधीर रामेश्वरजींना म्हणाला, "देख लिया, रामेश्वरजी. अब उठा लो."

त्या दिवशी त्याला त्यांच्या घरी चहा मिळाला. घरी येऊन त्याने मला आधी चहाचं सांगितलं, सर्व्हेचं नंतर.

मंजुरी आली तेव्हा सुधीर नव्हता.

आज सकाळी दार वाजलं. रामेश्वरजी. पत्ता विचारत विचारत आमच्या स्नेहलतागंजातल्या घरी पोचले होते. हातात नव्या गव्हाची पिशवी. फोटोला हात जोडले. मग आतल्या दाराशी थांबले.

"भाभीसाब, यहीं बैठते थे?"

हो म्हटलं.

"किसी ने हाथ नी लगाया?"

नाही म्हटलं.

ते आत गेले. चष्मा बघितला, ग्लास बघितला, खुर्ची बघितली. कशालाच हात लावला नाही. बराच वेळ उभे राहिले. मी दारात होते. वर्षभरात त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी उभं राहिलं नव्हतं.

मग माझ्याकडे वळले.

"देख लिया, भाभीसाब. अब उठा लो."

चहा घेऊन ते गेले.

मी आधी चष्म्याची घडी घातली. मग ग्लास धुतला. खुर्ची सरळ करायला जरा वेळ लागला.

सुधीर, आवरलं रे सगळं.
आता निवांत जा.