सोमाचे घट्टे आणि बटणांचं मशीन

लासलगावच्या मार्केट यार्डात सोमा हमालाचं नाव काढलं की माणसं आधी आपले दात चाचपायची. खोटं नाही सांगत. शिवी दिली म्हणून एका ट्रकवाल्याला त्याने पान्याने झोडपलं होतं, रांग मोडली म्हणून एका ट्रॅक्टरवाल्याचा हात पिरगाळून खांद्यातून उतरवला होता. नाकावर राग असलेली माणसं गावोगाव असतात, पण या गड्याचा राग थेट मुठीत. बोलणं मागाहून.

आणि घरी? घरी अंजली, त्याची बायको. चार वर्षांपूर्वी भाजीत मीठ जास्त पडल्याचं निमित्त झालं आणि सोमाने तिच्या कानाखाली अशी वाजवली की डाव्या कानाचा पडदा फाटला. आजही त्या बाजूने तिला ऐकू येत नाही. ती उठली आणि कळवणला माहेरी निघून गेली. सात वेळा हा आणायला गेला आणि सात वेळा हात हलवत परत आला. आठव्या वेळी ती आली, पण उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "एकदा जरी हात उचलला ना, तर मी गेले. मग पाया पडलास तरी येणार नाय."

सोमाने आईची शपथ घेतली. पण शपथेने मूठ थोडीच सैल पडते!

त्याला वाचवलं ते एका मशीनने. एका ड्रायव्हरच्या केबिनमध्ये त्याने हातात धरून खेळायचा गेम पाहिला. दोन गडी समोरासमोर उभे, बटणं दाबली की एकमेकांना तुडवतात, रक्त उडतं, हाडं मोडतात. सोमा हरखला. नाशिकला गंगापूर रोडवर सुयश नावाच्या पोराचं गेम दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून त्याने जुनंच एक मशीन घेतलं. मग रोज यार्डातून आला की ओट्यावर बसायचा आणि पाचसात गडी लोळवूनच घरात पाऊल टाकायचा. बटणांची टकटक थांबेपर्यंत अंजली त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही. तीन वर्षं घरात कुणाला चापट बसली नाही. हसू नका, अशी कितीतरी घरं याहून फालतू गोष्टींवर उभी आहेत.

मागच्या उन्हाळ्यात मशीन मेलं. सुयशने उघडून पाहिलं, बोर्ड जळाला होता. सामान मिळत नाही, म्हणाला, कंपनीने असली मशीनं काढायचं कधीच बंद केलं. नवीन काढावं की नाही यावर नेटवर रोज हाणामारी चालते. निम्मे म्हणतात काढा, निम्मे म्हणतात सगळ्यांच्या खिशात मोबाईल असताना कशाला. सुयश स्वतः दुसऱ्या पार्टीतला. त्याने सोमाच्याच मोबाईलवर तसाच गेम टाकून दिला.

सोमाने अंगठा टेकवला. काही नाही. दाबला, घासला, काही नाही. वीस वर्षं गोण्या उचलून बोटांवर चामड्यासारखे घट्टे चढलेले, काचेला ते बोट लागलेलं कळेचना. सुयश हसला. सोमाने त्याची कॉलर धरून त्याला काउंटरवर ओढला, मूठ वर गेली, आणि अंजलीची अट आठवून ती तिथेच थांबली.

"ज्यांची बोटं मऊ, त्यांच्यासाठीच वस्तू बनवायच्या का रे?" तो म्हणाला. "सांग तुझ्या कंपनीला, लासलगावात एक गिऱ्हाईक हाय. बटणंच पाहिजेत."

घरी येऊन त्याने काय करावं? दाढीचं पातं घेतलं आणि दोन्ही हातांचे घट्टे सोलून काढले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आतली कातडी लालबुंद झाली, काचेवर रक्ताची बोटं उमटली, पण गेम चालला. त्या संध्याकाळी गडी खूश होता.

दुसऱ्या दिवशी यार्डात गोटीराम त्याच्या जोडीला होता. दोघांनी गोणीचे दोन कान धरायचे, हेलकावा द्यायचा आणि गोणी वर ट्रकमध्ये फेकायची. पहिल्याच हेलकाव्याला सुतळीने सोमाची कोवळी कातडी फाडली, हात सुटला आणि पन्नास किलोची गोणी गोटीरामच्या पायावर आली. घोटा काडकन मोडला. कळवळून त्याने सोमाला आईवरून शिवी दिली. झालं! खाली पडलेल्या माणसाच्या छातीवर बसून सोमाने त्याच्या तोंडाचा चेंदा केला. चौघांनी ओढून काढला तेव्हा कोणतं रक्त कुणाचं, कळत नव्हतं.

घरी आला तसा पाटावर बसला. अंजलीने विचारलं, हाताला काय झालं? तो तिच्या डाव्या बाजूला होता, तिथूनच पुटपुटला, लागलं. तिला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. सोमाला वाटलं मुद्दाम डिवचतेय, आणि त्याचा सोललेला पंजा तिच्या गालावर बसला. ती चुलीपाशी कोसळली, ओठ फाटला. उठली, तोंड धुतलं, पिशवी भरली आणि कळवणची एसटी धरली.

दोन महिन्यांनी सुयशचा फोन आला. कंपनी नवीन मशीन काढतेय म्हणतात, बटणांचं, फोटोसुद्धा आलाय. सोमाच्या जीवात जीव आला. तडक कळवण गाठलं. अंजली दारात तांदूळ निवडत बसली होती.

"आता कंपनी नवीन काढतेय," तो म्हणाला. "आता काय बी होणार नाय. चल घरी."

"कंपनी काढू दे नायतर नको काढू दे," ती म्हणाली. "मशीन बिघडलं की माझा गाल. असंच ना?"

"नाय, तू बघ तरी." फोटो दाखवायला म्हणून त्याने खिशातून मोबाईल काढला आणि तिच्या तोंडासमोर हात वर केला.

अंजलीने सूप टाकलं, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि भिंतीला चिकटून अंगाची मुटकुळी केली. तांदूळ अंगणभर झाले. सोमाने हात खाली घेतला, चार पावलं मागे सरला, तिचं नाव घेऊन हाक मारली. ती तशीच बसून राहिली.